अकरा फुटी हॉल, सहा लाखांचं बजेट आणि डग्ग्याचा घुमारा: मामांच्या स्पीकरचं प्रकरण

मामांची मागणी तशी साधी होती. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या हॉलसाठी एकदाच काय ते चांगले स्पीकर घ्यायचे, सहा लाखांच्या वर एक रुपया जाणार नाही, अँप (अँप्लिफायर) आहे तोच ठेवायचा (लेकाने दिलेला, ८० वॉटचा स्टीरिओ इंटिग्रेटेड, त्याला हात लावायचा नाही), आणि डग्गा खरा वाटला पाहिजे. शेवटची अट ऐकायला सगळ्यात साधी आणि निस्तरायला सगळ्यात अवघड, हे पुढे कळेलच.

मामांचं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे "छान वाटतंय" असं कोणी म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, किती छान, आणि कशाने मोजलं. सवाई गंधर्वला दरवर्षी हजेरी, त्यामुळे खरा तंबोरा आणि खरा तबला कानात पक्का बसलेला. ख्याल जास्त, थोडी ठुमरी, आणि रात्री जेवण झाल्यावर सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, ज्यात बास गिटार काय करतेय हे त्यांना ऐकायचं असतं. मामींना सिनेमे. मामींची अट वेगळी होती आणि ती त्यांनी एकदाच सांगितली: "हॉल हॉलसारखा दिसला पाहिजे, गोडाऊन नको."

आता हॉल. लांबी १८ फूट, रुंदी ११, उंची साडेनऊ. टीव्ही युनिट लांब भिंतीला, सोफा समोरच्या लांब भिंतीला अगदी चिकटून, म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून जेमतेम वीतभर. एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला बेडरूमची भिंत आणि त्यावर काचेचं शोकेस. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पुण्यातल्या निम्म्या टू बीएचके मध्ये हाच हॉल सापडेल, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

टॉवर घरी आले तेव्हा

मामांनी मुंबईत एका शोरूममध्ये टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) ऐकले होते, दोन दोन ८ इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचा आवाज काढणारा भाग), आणि ते त्यांच्या मनात बसले होते. शोरूमची खोली मोठी, भिंतींवर पॅनेल्स, स्पीकर मागच्या भिंतीपासून चांगले चार फूट पुढे. तिथे ते छान वाजणारच. ब्रँड सांगत नाही कारण दोष त्या स्पीकरचा नव्हताच. डीलर भला माणूस, त्याने डेमो जोडी शनिवार-रविवार घरी पाठवली, आणि हे फार बरं झालं, कारण पूर्ण बजेट त्या एका जोडीतच संपणार होतं.

घरी लावले आणि पहिल्या पाच मिनिटांत मामांचा चेहरा पडला. विलंबित सुरू होतं, तबलजी डग्ग्यावर घिस्सा घेत होता (तळहात घासत सूर वर नेणं), तो घुमारा खालून वर सरकत जायला पाहिजे, पण इथे तो सरकतच नव्हता, एका जागी "घूं" करून थांबायचा आणि मग अचानक पुढे गायब. दर वेळी तोच सूर. तबलजी बदलला, रेकॉर्डिंग बदललं, तरी घूं तोच. मामा म्हणाले, "अरे, हा डग्गा नाही वाजत, हा हॉल वाजतोय." इतकं अचूक निदान मी मीटर लावूनही केलं नसतं.

मग मीटर लावलाच. रूम ईक्यू विझर्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला मिनीडीएसपीचा यूमिक-१ मायक्रोफोन जोडायचा, सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा आणि स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) वाजवायचा. माईक मोजलेला येतो, त्याची कॅलिब्रेशन फाइल मिळते, मामांना हे फार आवडलं. ग्राफवर ५२ हर्ट्झच्या आसपास एक मोठा उंचवटा, १०४ ला दुसरा, ६० च्या आसपास एक रुंद फुगवटा, आणि तिशीत (३० ते ४० हर्ट्झमध्ये) आवाज खाली पडलेला. म्हणजे जिथे टॉवरचा मोठेपणा कामाला यायचा तिथेच काही नाही, आणि जिथे नको तिथे १०-११ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) जास्त.

आता हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं की त्या दोन भिंतींच्या मध्ये घुमणारी सगळ्यात खालची फ्रीक्वेन्सी मिळते. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, ५१ हर्ट्झ. तिची दुप्पट १०२. लांबी १८ फूट म्हणजे ५.४९ मीटर, ३१ आणि तिची दुप्पट ६२. उंची २.९ मीटर, ५९. बाथरूममध्ये गुणगुणताना एखादा सूर एकदम फुलून येतो ना, तेच हे, फक्त खोली मोठी म्हणून सूर खाली. मामांनी कागदावर गणित स्वतः केलं आणि ग्राफशेजारी ठेवलं, दोन्ही जवळजवळ जुळलं, आणि त्या क्षणापासून टॉवरचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला.

यात सोफ्याच्या जागेचा मोठा हात आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. कोणताही असा घुमणारा सूर भिंतीपाशी सगळ्यात जोरात असतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला म्हणून ५१ आणि १०२ दोन्ही पूर्ण जोरात कानात. आणि मामा १८ फुटांच्या बरोबर मध्यावर बसतात, तिथे ३१ ची शांत जागा येते आणि ६२ ची जोराची. वर ५९ आणि ६२ एकमेकांच्या इतके जवळ की दोन्ही मिळून एकच रुंद टेकाड. डग्ग्याचा मूळ सूर ८० ते १०० च्या पट्ट्यात हिंडतो, घिस्सा घेताना तो १०२ च्या तावडीत सापडला की तिथेच अडकल्यासारखा वाटतो. बास गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, ती दबलेली, पण तिच्यावरचे चार-पाच सूर ५१ च्या टेकाडावर, म्हणून गाण्यात बास वाजतोय हे कळतं पण कोणता सूर लागलाय ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या, जिप्सम बोर्डच्या भिंती खालच्या फ्रीक्वेन्सीला थोड्या हलतात, बास थोडा गिळतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपल्या आरसीसी आणि विटांच्या भिंती हलत नाहीत. बास खोलीतच राहतो आणि टेकाडं जास्त टोकदार होतात. त्यामुळे तिकडचे "माझ्या खोलीत एक १५ इंची सब मस्त चालतो" वाले अनुभव (सब म्हणजे सबवूफर, फक्त खालच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) इथे जसेच्या तसे घेऊ नयेत. पडदे जाड करा, गालिचा टाका हा सल्लाही मामांना मिळाला होता. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, तिला पडद्याने काही फरक पडत नाही. पडदा-गालिचा वरच्या आवाजासाठी, आणि तिथे त्याचा उपयोग झालाच, ते पुढे.

मग स्पीकर कशासाठी निवडायचा

इथे माझं मत जरा ठाम आहे. या मापाच्या हॉलमध्ये साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं आणि वर स्पीकरचं. (गणित करायचं तर खोलीचं आकारमान ५३ घनमीटर, आवाज विरायला अर्धा सेकंद धरला तर सीमा १९५ च्या आसपास येते.) तेव्हा स्पीकरला द्यायचे पैसे २०० च्या वरच्या कामासाठी द्यायचे, खालचं काम वेगळ्याने करायचं. हाय-एंड म्हटलं की मोठा टॉवर हे समीकरण मोठ्या दिवाणखान्यांसाठी ठीक असेल, ११ फुटी हॉलमध्ये मोठा वूफर म्हणजे त्याच टेकाडांना जास्त इंधन.

वरचं काम म्हणजे काय ते मामांना तंबोऱ्यावरून सांगितलं. काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. पण तंबोरा जो भरून राहतो तो त्या ६९ मुळे नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पाचवा अंश, ३४६ च्या आसपास, आणि जवारीची सगळी झळाळी त्याच्याही कितीतरी वर, काही हजार हर्ट्झपर्यंत. हे सगळं स्पीकरच्या राज्यात येतं. तिथे स्पीकर थोडा जरी पक्षपाती असला, एखादा पट्टा दोन डीबी जरी उचललेला असला, तरी तंबोरा चारही तारांचा न वाटता पत्र्याचा वाटायला लागतो.

फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या ऑडिओ कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, त्यातून पुन्हा पुन्हा एकच निघालं, की समोरून सपाट (सगळे सूर सारख्याच जोरात) आणि बाजूला जाताना एकसारखा, हळूहळू उतरत जाणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो, किंमत आणि दिसणं झाकलं की. त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये मोजमापांवरून लोकांची पसंती किती सांगता येते याचं सूत्र मांडलं, त्यात बासचा वाटा जवळजवळ ३० टक्के निघाला. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर आपल्या प्रकरणाचा आराखडा तयारच आहे: वर सपाट, बाजूला एकसारखा स्पीकर, आणि बाकीचे ३० टक्के सोडून न देता वेगळ्या रस्त्याने मिळवायचे.

बाजूचा आवाज का महत्त्वाचा, तर टाइल्सची जमीन आणि काचेचं शोकेस. तिथून आपटून येणारा आवाज कानाला मिळणारच, तो निदान समोरच्या आवाजासारखा तरी असावा. म्हणून ज्यात ट्वीटर (वरचा आवाज काढणारा भाग) मिडरेंजच्या (मधला आवाज काढणाऱ्या भागाच्या) मध्यभागी बसवलेला असतो असे स्पीकर यादीत वर ठेवले. केईएफ या स्पीकर कंपनीने ही पद्धत युनि-क्यू नावाने कित्येक वर्षं घासूनपुसून आणली आहे. कंपनीची मोजमापं आणि इतरांनी स्वतंत्रपणे केलेली मोजमापं दोन्ही वाचायला मिळतात, आणि एकमेकांच्या जवळ येतात, ही माझ्या दृष्टीने शोरूम डेमोपेक्षा मोठी गोष्ट.

यादीत शेवटी केईएफचेच तीन राहिले. एलएस५० मेटा, आर३ मेटा आणि टॉवरची हौस शिल्लक असेल तर आर११ मेटा. एलएस५० मेटा सुंदर आहे, पण सव्वापाच इंची एकच कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) बासपासून मिडरेंजपर्यंत सगळं ओढतो, आणि मामा आवाज थोडा मोठा ठेवतात. आर११ मध्ये साडेसहा इंची चार वूफर, आर३ मध्ये एक. आता कंपनीचेच आकडे बघा: तीन डीबीच्या आत आर३ जातो ५८ हर्ट्झपर्यंत आणि आर११ जातो ४६ पर्यंत. जास्तीचे पैसे आणि जमिनीवरची जागा देऊन मिळतात ते ५८ ते ४६, आणि आपलं मोठं टेकाड कुठे आहे, ५१ ला! मामा हसले आणि म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन आजार घ्यायचा." आर३ मेटा ठरला. थ्री-वे आहे (खालचा, मधला आणि वरचा आवाज तीन वेगळ्या भागांकडे), वूफर ४२० हर्ट्झला काम सोडतो, मिडरेंजवर बासचा भार नाही, गायकाचा आवाज मोकळा राहतो.

स्टँडवर ठेवले, ट्वीटर कानाच्या उंचीला. पुढचा चेहरा भिंतीपासून ५५ सेंटीमीटरवर होता तेव्हा १५५ च्या आसपास खड्डा दिसला, स्पीकरमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज तिथे उलटा येऊन मिळतो. ४२ सेंटीमीटरवर आणले, खड्डा २०० च्या वर सरकला आणि उथळ झाला. पोर्ट (पेटीतलं हवेचं भोक) मागे आहे, त्याच्यासोबत येणारे फोमचे बोळे घातले. शोकेसची काच झाकायची मामींची तयारी नव्हती (आणि रास्त होती), त्याऐवजी टाइल्सवर जाड सतरंजी आली, ती नुसत्या कानालाही कळली.

सब, आणि मागे का

सबवूफरबद्दल मामांच्या मनात तिरस्कार होता. त्यांच्या लेखी सब म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला धडधडाट. शास्त्रीय संगीतात तिशीतलं काही नसतंच, मग कशाला, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता, ख्यालात ६० च्या खाली फारसं काही सापडणार नाही. पण इथे सब खोल जाण्यासाठी नाही, सपाट होण्यासाठी हवा होता. स्पीकर कुठे ठेवायचा ते आवाजाच्या चित्रावरून (गायक कुठे, तबला कुठे बसलाय असं वाटतं त्यावरून) ठरतं, तो हलवता येत नाही. सब मात्र बास जिथून चांगला लागेल तिथे ठेवता येतो. आणि दोन असले तर दोघांकडून खोलीचं टेकाड कापून घेता येतं.

परदेशातल्या लेकाचा फोन आला की तिकडून पाठवू का, स्वस्त पडतं. पॅसिव्ह स्पीकरचं ठीक आहे, त्याला व्होल्टेजचा प्रश्न नाही, पण सबमध्ये अँप आत असतो, तिकडच्या १२० व्होल्टसाठी बनवलेला इथल्या २३० वर लावता येईलच असं नाही, कन्व्हर्टरचा डबा हॉलमध्ये आणखी एक, आणि वॉरंटीचं काय ते देव जाणे. इथूनच घेतले.

निवडला एसव्हीएसचा एसबी-१००० प्रो. १२ इंची, सीलबंद पेटी, ३२५ वॉट. याच पैशात पोर्टवाला एक मोठा आला असता, जास्त दणदणीत. पण सीलबंद पेटी खाली हळूहळू उतरते, ऑक्टेव्हला (सप्तकाला) साधारण १२ डीबी, पोर्टवाली तिच्या सीमेखाली २४ डीबीने कोसळते, आणि छोट्या बंद खोलीत अगदी खालच्या भागाला खोली स्वतःच उचल देते, ते सीलबंदला बरं जुळतं. त्याहून व्यावहारिक कारण, ती साधारण सव्वा फुटी पेटी आहे, सोफ्यामागे लपते.

पहिला एकच आणला, टीव्ही युनिटशेजारी कोपऱ्यात. सगळे कोपऱ्यात ठेवतात कारण तिथे आवाज सगळ्यात मोठा येतो. मामांच्या जागेवर ईक्यू (ठरावीक फ्रीक्वेन्सीचा आवाज कमी-जास्त करणं) करून बरंच सरळ झालं. मग मामी बाल्कनीजवळच्या त्यांच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इथे तर पोटात गोळा येतोय." माईक तिथे नेला, बरोबर, ३१ ला भलंमोठं शिखर, कारण कोपऱ्यातला सब लांबीचा सूर जोरात चेतवतो आणि भिंतीपाशी तो पूर्ण जोरात असतो. मामा मध्यावर बसतात म्हणून त्यांना पत्ताच नाही. ईक्यू एका खुर्चीचं दुखणं काढतं आणि दुसऱ्या खुर्चीत टाकतं, ही एका सबची मर्यादा.

हार्मनमध्ये टॉड वेल्टी यांनी सबची संख्या आणि जागा यांची किती तरी जुळणी तपासून २००२ मध्ये मांडणी केली होती, आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर वेगवेगळ्या खुर्च्यांमधला फरक बराच कमी होतो. कारण कळलं की पटतं. ५१ चा सूर घुमताना पुढच्या भिंतीशी हवेचा दाब वाढतो तेव्हा मागच्या भिंतीशी कमी होतो. दोन्ही भिंतींवरून एकाच वेळी एकसारखा धक्का दिला तर एक जण त्याला वाढवतो आणि दुसरा मोडतो, सूर उभाच राहत नाही. आणि भिंतीच्या मध्यावर असल्यामुळे लांबीचा ३१ चा सूर मुळात चेतत नाही. म्हणून दुसरा सब मागे, सोफ्याच्या पाठीशी, भिंतीच्या मध्यावर, आणि पहिला कोपऱ्यातून काढून टीव्ही युनिटच्या मधल्या कप्प्यात. कप्प्याचं दार काढावं लागलं. सुतार आला.

सब मागे ठेवायचा तर सोफा पुढे घ्यायला हवा, दीड फूट. इथे खरी वाटाघाट झाली. "पाहुणे आले की चालायचं कुठून?" हा मामींचा सवाल, आणि ११ फुटांत तो खराच आहे. शेवटी टीपॉय लहान घ्यायचं ठरलं, मामींच्या पसंतीचं, सहा लाखांच्या बाहेरचं. सोफा पुढे आला आणि डोकं भिंतीपासून वीतभर होतं ते दोन फुटांवर आलं, तेवढ्यानेच १०४ चं टेकाड आठ डीबीने खाली बसलं. एक रुपया न देता. ५१ वर फरक फार तर दीड डीबी, तिथे लाट लांब, तेवढ्या अंतरात ती बदलत नाही, म्हणूनच तिथे दुसरा सब हवा होता. संपूर्ण प्रकरणात पैशांच्या मानाने सगळ्यात मोठा फायदा या दीड फुटाने दिला असं मी म्हणेन.

जोडणी

स्टीरिओ अँपवाल्यांची नेहमीची अडचण इथे होती. अँपला सबसाठी आउटपुट आहे, पण स्पीकरला जाणाऱ्या आवाजातून बास कापायची सोय नाही. नुसता सब जोडला तर स्पीकरही बास वाजवत राहणार, त्याच जागेवरून, त्याच टेकाडावर, आणि सबने केलेलं काम मातीत. शिवाय कोनाची हालचाल एका ऑक्टेव्हने खाली गेलं की त्याच आवाजासाठी चौपट होते, ८० च्या खालचं काढून घेतलं की वूफर निवांत. रेल (REL) या सब बनवणाऱ्या कंपनीसारख्या कंपन्या स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेऊन सब फक्त तळाशी मिसळायला सांगतात, स्पीकरला हात लावत नाहीत. मोठ्या, पुढे ओढलेल्या टॉवरला ते चालतं. इथे नाही.

तोडगा मिनीडीएसपी फ्लेक्स, म्हणजे आवाज डिजिटल पद्धतीने (डीएसपी) वाटून, कापून, थांबवून देणारा डबा. स्ट्रीमरचं (नेटवरून गाणी वाजवणाऱ्या डब्याचं) डिजिटल आउटपुट त्यात, चार आउटपुटपैकी दोन अँपला, दोन थेट सबना. यात एक मेख आहे आणि ती आधी सांगितलेली बरी: सबकडे जाणारा सिग्नल अँपच्या आधीच वेगळा होतो, त्यामुळे व्हॉल्यूम फ्लेक्सवरूनच करायचा, अँपचं बटण एका जागी ठरवून सोडून द्यायचं. तसं नाही केलं तर अँपचा आवाज वाढवला की स्पीकर वाढतात आणि सब तिथेच. मामांना त्या जड गुळगुळीत बटणाला रजा द्यायचं फार दुःख झालं, त्यावर पट्टी चिकटवली आहे, "हात लावू नये". कॅसेट डेकही फ्लेक्सच्या अॅनालॉग इनपुटला गेला, म्हणजे मामांच्या जुन्या कॅसेट आता डिजिटल होऊन वाजतात, याबद्दल त्यांना अजून थोडं वाईट वाटतं पण फरक ओळखता आलेला नाही.

क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सब यांच्यातली कामाची सीमा) ८० ला, दोन्हीकडून २४ डीबीचा उतार. १०० करून पाहिलं, १०४ च्या आसपासचंही थोडं सबकडे जाईल या आशेने, पण मग डग्गा मानेमागून वाजायला लागला, मागचा सब पकडला जातो. ८० वर आणला की सगळं पुन्हा समोर.

डिलेच्या बाबतीत पुस्तकी सल्ला असा, की जवळचा सब लांबच्याच्या हिशोबाने थांबवायचा, म्हणजे दोघांचा आवाज कानाला एकदम पोचेल. इथे मागचा सब पाठीला लागून, पुढचा आठ-नऊ फुटांवर, सहा मिलिसेकंदांचा फरक. पण तो दिला की दोन्ही भिंतींवरून एकाच वेळी धक्का द्यायचं गणितच बिघडतं, ५२ चं टेकाड लगेच डोकं वर काढतं. करून पाहिलं, ग्राफवर स्वच्छ दिसतं. म्हणून दोन्ही सब एकमेकांच्या हिशोबाने शून्यावर ठेवले, मागच्याचा आवाज तीन डीबी कमी केला (शुद्ध गणिताला हे मान्य नाही, पाठीला मान्य आहे), आणि मग दोन्ही सबची जोडी एक समजून स्पीकरना डिले दिला, ८० च्या आसपासची बेरीज सगळ्यात भरीव होईपर्यंत. सबचा स्वतःचा डीएसपी आवाज काही मिलिसेकंद उशिरा काढतो, त्यामुळे थांबायचं स्पीकरने असतं, बरेच जण उलट करतात आणि मग फेजचं बटण फिरवत बसतात.

ईक्यू फार थोडं. ६० च्या आसपासचं रुंद टेकाड दोन सबनी कमी होत नाही, उलट भिंतीच्या मध्यावर ६२ जोरात चेततं, तिथे पाच डीबी कापले. १०४ ला स्पीकरवर दोन. खड्डा भरायला वर कुठेही काही उचललं नाही, शांत जागेत कितीही वॉट ओता, तिथे काही भरत नाही.

शेवटचा ग्राफ २५ ते २०० मध्ये मामांच्या जागेवर चार डीबीच्या पट्ट्यात, मामींच्या खुर्चीवर सहाच्या. सपाट करून मामांना ऐकवला तर ते म्हणाले पातळ वाटतंय, आणि त्यात चूक काही नाही, घरात ऐकताना खालचा भाग थोडा उचललेलाच बहुतेकांना आवडतो. ८० च्या खाली चार डीबी वर ठेवून थांबलो. दुसरा प्रीसेट (साठवून ठेवलेली मांडणी) सिनेमासाठी, सहा डीबी. तिसरा रात्रीचा. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी केला की कानाला बास बाकीच्यापेक्षा जास्त कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून रात्रीच्या बारीक आवाजात बास थोडा जास्त, पण ४० च्या खालचं कापलेलं, कारण आरसीसीचा स्लॅब ते खालच्या मजल्यावर पोचवतो. दोन्ही सबखाली रबराचे पाय आहेत. त्याने पेटीची थरथर स्लॅबमध्ये जात नाही, हवेतून जाणारं जातंच. रात्री दहानंतर तिसरा प्रीसेट, हे मामींनी स्वतः रिमोटवर शिकून घेतलंय.

घिस्सा आता सरकतो. तीच विलंबिताची रेकॉर्डिंग लावली, घुमारा खालून निघाला आणि वर गेला, मध्ये एक जागा आहे जिथे किंचित फुगतो, १०४ चं ते उरलेलं तीन डीबी, मामांना ते ऐकू येतं आणि मला ग्राफ बघितल्याशिवाय येत नाही. त्यासाठी सोफा आणखी अर्धा फूट पुढे घ्यावा लागेल. मामींना अजून विचारलेलं नाही.

हिशोब स्पीकर, स्टँड, दोन सब, फ्लेक्स, माईक, वायरी आणि सुतार धरून सहा लाखांच्या आत बसला, थोडे उरलेही. उरलेल्या पैशांत मामांना भारी स्पीकर केबल घ्यायची होती. मी म्हटलं, केबलने ग्राफ हलला तर मी पैसे देतो, माईक घरातच आहे. अजून घेतलेली नाही.